प्रत्यक्ष आकाराचा डोडो, कागदाच्या लगद्यातून: माप कुठून घ्यायचं, पाटीवर काय लिहायचं?

नरकासुर_मांडव विचारतात:

३० नोव्हेंबर हा नामशेष प्रजातींचा स्मरणदिन. गोव्यात फोंड्याजवळच्या एका गावच्या वाचनालयात त्या दिवशी छोटं प्रदर्शन मांडायचं आहे. हाताशी नववी-दहावीची मुलं, दरवर्षी दिवाळीला नरकासुराचा पुतळा बांधणारे चार-पाच जण आणि प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम. वस्तू तीन: डोडो, गुलाबी डोक्याच्या बदकाचा नर आणि चित्त्याचा मुखवटा. डोडो आणि बदक नंतर व्हरांड्यातच राहतील. वर छप्पर आहे, पण पश्चिमेची झड आत येते. निदान पुढच्या चवथीपर्यंत (गणेश चतुर्थी) टिकले पाहिजेत.

सध्याचा बेत असा: डोडो एक मीटर उंच आणि चांगला गोलमटोल. बांबूचा सांगाडा, वर वर्तमानपत्र आणि मैद्याची खळ, म्हणजे नरकासुराला करतो तसंच. रंग पोस्टर कलरचे. मॅडम शेवटी पाट्यांचा मजकूर तपासून देतील.

अडचणी: प्रत्येक चित्रात डोडो वेगळाच दिसतो, मग माप कुठलं धरायचं? बुरशीचं काय करायचं? आणि डोडो गोव्यामार्गे जहांगीर बादशहाकडे गेला असं वाचनात आलंय, ते पाटीवर घालता येईल का? गोव्याचा धागा मिळाला तर मुलांना विषय जवळचा वाटेल.

---

ओळंबा:

एक मीटर आणि गोलमटोल, दोन्ही आधी खोडा. हल्लीच्या अंदाजांनुसार डोडोची उंची साधारण ६३ ते ७५ सेंटीमीटर आणि वजन साडेदहा ते साडेसतरा किलो. तुम्ही ७० सेंटीमीटर धरा. तो लठ्ठ डोडो सतराव्या शतकातल्या युरोपीय चित्रांतून आला. त्यातली बरीच चित्रं पिंजऱ्यातले किंवा पेंढा भरलेले पक्षी बघून काढलेली आहेत आणि पुष्कळशी एकमेकांवरून उतरवलेली. म्हणून तर प्रत्येक चित्रात वेगळा दिसतो.

माप हाडांवरून घ्यायचं. तिथेही एक खोच आहे. मॉरिशसच्या मार ओ सोंज या दलदलीत १८६५ पासून हाडं निघाली, पण ती अनेक पक्ष्यांची मिसळलेली. संग्रहालयांतले बहुतेक सांगाडे त्यातूनच जुळवलेले आहेत, त्यामुळे पाय एकाचा नि मान दुसऱ्याची. एकाच पक्ष्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा पोर्ट लुईच्या संग्रहालयात आहे. एतिएन थिरिऊ या हौशी संग्राहकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो शोधला. त्याचं लेझर स्कॅनिंग होऊन २०१६ मध्ये सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. मॅडमना त्यातली बाजूची आकृती काढून द्यायला सांगा.

ती आकृती प्रत्यक्ष मापात छापा, ए-थ्री कागद जोडून. आता त्या सांगाड्याभोवती कातडीची बाह्यरेषा मॅडमनी काढायची, दोन रंगांत. जिथे खाली हाड आहे तिथे लाल, जिथे अंदाज आहे तिथे निळी. पोट बहुतेक सगळं निळं येईल, चोच आणि पाय लाल. या कागदावर त्यांची सही झाल्याशिवाय बांबू चिरू नका. शास्त्राच्या माणसाला शेवटी पाटी तपासायला बोलावलं तर त्याच्या हातात काहीच उरत नाही. आकार चुकलेला असतो आणि तो फक्त स्पेलिंग सुधारू शकतो.

नवख्या हातांची हमखास चूक पायांत होते. पक्ष्याचा जो 'मागे वळलेला गुडघा' दिसतो, तो खरं म्हणजे घोटा. खरा गुडघा पोटाच्या पिसांत झाकलेला असतो. हे लक्षात नसलं की पाय फार मागे लागतात आणि पक्षी तोंडावर पडायला येतो. सांगाडा उभा केला की धडाच्या मध्यातून ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडा. तो पंजाच्या आत, बोटांच्या मधोमध पडला पाहिजे. बोटं चार: तीन पुढे, एक मागे.

पिसं एकेक चिकटवू नका. अंगावरच्या पिसांबद्दल पुरेशी माहितीच नाही. मऊ ऊती टिकलेलं डोकं जगात एकच, ऑक्सफर्डला. त्यामुळे चेहरा उघड्या कातडीचा, शेपटीकडे थोडा झुपका, बाकी अंग गुळगुळीत ठेवा. टॉड मॅकग्रेन या अमेरिकी शिल्पकाराने प्रवासी कबूतर, ग्रेट ऑक वगैरे उत्तर अमेरिकेतल्या पाच नामशेष पक्ष्यांची मोठी ब्राँझ शिल्पं केली. तीही अशीच गुळगुळीत आहेत आणि अजिबात अपुरी वाटत नाहीत.

---

चिकणमाती:

नरकासुराला एक रात्र काढायची असते, या पक्ष्याला अख्खा पावसाळा. त्यामुळे खळीत बुडवलेलं वर्तमानपत्र इथे चालणार नाही. मैदा बुरशीला आणि झुरळांना सारखाच आवडतो.

तळाला १८ मिलिमीटर मरीन प्लाय, ६० बाय ६० सेंटीमीटर. पायांसाठी १० मिलिमीटरच्या सळईचे दोन तुकडे, खाली ४ मिलिमीटर पत्र्याची पट्टी वेल्ड करून ती प्लायला बोल्टने आवळा. सळई पोटातून वर जाऊन आडव्या पट्टीला बांधली गेली पाहिजे, नाहीतर घोट्यापाशी डुगडुगेल. वेल्डिंग झाल्यावर रेड ऑक्साईडचे दोन हात. ओला लगदा थेट लोखंडावर बसला की महिन्याभरात पायावर तपकिरी डाग फुटतात आणि मग ते कुठल्याच रंगाखाली लपत नाहीत.

अंगाला जून बांबूच्या कामट्या. २०० ग्रॅम बोरिक अॅसिड आणि ३०० ग्रॅम बोरॅक्स दहा लिटर पाण्यात विरघळवून कामट्या चार-पाच दिवस बुडवा, मग सावलीत वाळवा. हे टाळलं तर सहा महिन्यांनी प्लायवर पिवळी भुकटी पडलेली दिसेल, म्हणजे आत कीड लागली. कामट्यांची कडी बांधा, वर १२ मिलिमीटरची गॅल्व्हनाइज्ड जाळी. हा सगळा साचा कागदावरच्या रेषेपेक्षा चारी बाजूंनी १० मिलिमीटर आत ठेवा. बाकीची जाडी लगदा भरून काढतो.

लगदा एक किलो सुक्या वर्तमानपत्राच्या हिशेबाने सांगतो. डोडोला दीड-दोन किलो लागेल. गुळगुळीत मासिकांचा कागद नको. तुकडे करून एक दिवस भिजवा, तासभर उकळा, वाटा आणि घट्ट पिळा. मुठीत दाबल्यावर थेंब पडायचा थांबला पाहिजे. त्यात एक किलो चॉक पावडर, साडेतीनशे ग्रॅम फेविकॉल, शंभर ग्रॅम मैद्याची पातळ खळ. खळ गरम असतानाच तिच्यात वीस ग्रॅम बोरिक अॅसिड ढवळा.

इथे दोन गोष्टी सांभाळा. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, ते इथे घालू नका. मोरचूद लोखंड आणि जस्त दोन्ही खातं, तुमची जाळी आतून कुजेल, शिवाय ते विषारी आहे आणि कामाला मुलं आहेत. दुसरं, बोरॅक्स फेविकॉलमध्ये जाऊ देऊ नका. लगेच रबरासारख्या गुठळ्या होतात आणि सगळा घाणा वाया जातो. बोरॅक्स फक्त बांबूला.

एका वेळी थर ५ मिलिमीटरच. पहिला थर जाळीच्या भोकांतून आत दाबा, म्हणजे पलीकडून पकड बसते. सावलीत, पंख्याखाली दोन-तीन दिवस. वाळला का हे हाताची पालथी बाजू लावून बघा. गार लागलं तर आत ओल आहे. खात्री हवी असेल तर वजनकाट्यावर ठेवा. दोन दिवस वजन उतरलं नाही की पुढचा थर. घाईने जाड थर दिला तर वरची साल कडक होते, आत पाणी कोंडतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. बाहेरून कितीही रंग द्या.

मान आणि धड जिथे मिळतात तिथे भेग पडणारच. जुन्या सुती धोतराच्या चार बोटं रुंद पट्ट्या फेविकॉलमध्ये भिजवून तिथे आडव्या-तिरक्या बसवा, मग वर लगदा. चोच साधारण २३ सेंटीमीटर, टोकाला बाकदार. ती लगद्यात करू नका, पहिल्याच धक्क्याला टोक जाईल. लाकडाचा गाभा, वर एम-सील.

शेवटी चॉक आणि फेविकॉलचं अस्तर, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, बाहेरच्या भिंतींना देतात तो अॅक्रिलिक प्रायमर. पोटाच्या खालच्या बाजूला ८ मिलिमीटरची दोन भोकं उघडी ठेवा, आतली दमट हवा बाहेर पडायला. प्लाय जमिनीपासून दोन इंच उंच ठोकळ्यांवर आणि भिंतीपासून वीतभर लांब. चिऱ्याच्या भिंतीला टेकवलात तर वाळवीला रस्ता तुम्हीच बांधून दिलात.

---

पिसारा:

रंगाबद्दल. पोस्टर कलर व्हरांड्यात नको, एका झडीत ओघळतील. अॅक्रिलिक घ्या आणि वर मॅट पॉलियुरेथेन. चमकदार वॉर्निश दिलं की पक्षी भिजलेला दिसतो.

डोडोचा रंग करडा-तपकिरी. यासाठी युरोपीय चित्रांपेक्षा मुघल चित्र बघा. जहांगिराचा दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याचं मानलं जाणारं, साधारण १६२५ चं, आता सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. ते जिवंत पक्षी समोर ठेवून काढलं असावं असं जाणकार मानतात.

बदकाचा गुलाबी मात्र फसवा. फ्लुरोसंट गुलाबी उन्हात पांढरा पडतो, अलिझारिन हा लाल रंगही उडतो. ट्यूबच्या मागे रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो, तिथे 'पीव्ही १९' बघून घ्या आणि पांढऱ्यात थोडा थोडा मिसळा. संग्रहालयातल्या कातड्यांचा रंग उतरलेला असतो. इंग्लंडमध्ये फॉक्सवॉरन पार्कला पाळलेल्या या बदकांचे फोटो आहेत, पण त्यावरून ठेवण मिळते, रंग नाही. म्हणून छटा मॅडमबरोबर ठरवा आणि तिचा नमुना पुठ्ठ्यावर काढून जपून ठेवा, पुढे डागडुजीला लागेल.

बदक सुमारे ६० सेंटीमीटर लांब. पाण्यावर बसलेलं करा म्हणजे पायांची कटकट नाही. गाभा थर्माकोलचा चालेल, फक्त त्याला स्प्रे पेंट किंवा वासाचा रबरी डिंक लावू नका, विरघळतो. रानपक्ष्यांची खरी पिसं कुठेच नकोत, १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा प्रश्न येतो.

मुलांसाठी एक सोपं काम: या बदकाची अंडी. ती जवळजवळ गोल असत, साधारण साडेचार बाय सव्वाचार सेंटीमीटर. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटरचा असतो. त्यावर दोन टोकांना थोडा जास्त, बाकी मिलिमीटरभर लगदा आणि वर पांढरा रंग. लोक बदकापेक्षा या अंड्यांपाशी जास्त वेळ थांबतील असं वाटतं. बदकाचं अंडं आणि इतकं गोल, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

---

पाटीवाला:

गोव्याचा धागा आहे, पण तो टर्कीचा. जहांगिराचा सरदार मुकर्रब खान गोव्यातून अपूर्व वस्तू आणि पक्षी घेऊन गेला, १६१२ ची गोष्ट. त्यात टर्की होती, बादशहाने स्वतःच्या आठवणींत तिचं वर्णन केलं आणि मन्सूरने चित्रही काढलं. डोडोबद्दल इतकंच पक्कं की पीटर मंडी या प्रवाशाने सुरतेला दोन डोडो पाहिल्याची नोंद केली आहे. मुघल चित्रातला डोडो गोव्यामार्गे आला हा तर्क आहे. पाटीवर घालायचा तर 'असावा' घाला, आणि तो 'असावा' बारीक अक्षरात नको.

बदकाच्या पाटीवर 'नामशेष' लिहू नका. आंतरराष्ट्रीय लाल यादीत ते अजून 'अतिसंकटग्रस्त' आहे आणि म्यानमारमध्ये त्याचा शोध २०१७ मध्येही घेतला गेला. शेवटची खात्रीशीर नोंद कुणी १९३५ ची धरतं, कुणी १९४९ ची. 'विसाव्या शतकाच्या मध्यानंतर खात्रीने दिसलेलं नाही' हे दोन्हींना चालतं.

चित्ता या रांगेतून काढा. तो भारतातून संपल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं, पण प्रजात जिवंत आहे आणि १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणून सोडले. मुखवटा झालाच असेल तर वेगळ्या भिंतीवर, 'भारतातून गेलेला, परत आणलेला' असं म्हणून.

डोडोसाठी हा मजकूर वापरा:

'डोडो. फक्त मॉरिशस बेटावर. १५९८ मध्ये डच उतरले. १६६२ नंतरची सर्वमान्य नोंद नाही. जहाजांबरोबर आलेले उंदीर, डुकरं, माकडं आणि जंगलतोड ही कारणं. या शिल्पात चोच आणि पाय हाडांच्या मापावरून. पोटाचा घेर आणि रंग अंदाजाने.'

शेवटचं वाक्य जागा कमी पडली म्हणून गाळू नका. आणि ओळंबा यांनी सांगितलेला लाल-निळ्या रेषांचा कागद फेकू नका, तोच फ्रेम करून शेजारी लावा.

---

नरकासुर_मांडव:

आभार. चित्ता काढला, उंची ७० वर आणली. मॅडम आकृतीच्या शोधात आहेत. एकच शंका: नरकासुर झाल्यावर काम सुरू केलं तर ३० तारखेपर्यंत वाळेल का?

---

चिकणमाती:

दिवाळी नोव्हेंबरात पडली तर नाही. लगद्याचे थर, पट्ट्या आणि अस्तर धरून वाळायलाच तीन आठवडे लागतात, त्यात परतीच्या पावसाचे दोन-चार दिवस गेले तर चार. सांगाडा आणि पाय चवथ झाल्या झाल्या करून ठेवा, लगदा दसऱ्याला लावायला घ्या. तरी उशीर झालाच, तर ३० तारखेला बिनरंगाचा, करडा, जाळी अर्धी दिसणारा डोडो ठेवा आणि शेजारी तो कागद. ओल्यावर रंग मात्र देऊ नका, फोड येतात आणि मग पार जाळीपर्यंत खरवडावं लागतं.