मदत हवी आहे: उजनीच्या गाळातला केसाळ भुंगेरा, जात कशी ओळखू?

नमस्कार मंडळी,

परवा उजनी धरणाच्या काठी, भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला गेलो होतो. ते लांब होते, मग पायाखालीच बघत बसलो. पाणी मागे सरून उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर सुतळीएवढ्या जाड, नागमोडी उंचवट्यांच्या रेषा होत्या. कुतूहल म्हणून त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं. मिनिटभरात पाच-सहा भुंगेरे वर आले, दोन लगेच उडूनही गेले.

वर्णन असं: लांबी चारेक मिलिमीटर, चपटे, अंगभर दाट बारीक केस. रंग काळपट तपकिरी, पंखांच्या कवचांवर पिवळट वेडेवाकडे पट्टे. जबडे पुढे आलेले. पुढच्या नडग्या रुंद, बाहेरच्या कडेला फणीसारखी काट्यांची ओळ. मिशा आखूड, शेवटच्या सात पेरांना करवतीसारखे दात. पावलांना चारच पेरं मोजली.

एवढ्यावरून हेटेरोसेरिडी, म्हणजे ओल्या गाळात बिळं करून राहणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळापर्यंत पोचलो. पुढे अडलोय. एकाचे जबडे बाकीच्यांच्या मानाने चांगलेच मोठे आणि पट्टेही वेगळे. म्हणजे दोन जाती मिळाल्या का?

प्रतिसाद १
शेणकिडा असेल हो, पावसाळ्यात दिव्यावर ढिगाने येतात.

प्रतिसाद २
शेणकिडा नाही. त्याच्या मिशीच्या टोकाला पानांसारख्या चकत्या असतात, इथे करवत आहे. दिव्यावर मात्र हेही येतात, हे खरं.

जबड्यांवरून जात ठरवू नका. या कुळात बऱ्याच जातींत नराचे जबडे मादीपेक्षा मोठे असतात, त्यामुळे तुमच्याकडे बहुधा जोडपं आहे. पट्ट्यांवरही विसंबू नका. एकाच जातीत ते कमी-जास्त होतात, आणि बिळात घासून केस गेले की नक्षीच बदललेली दिसते. मी याच चुकीपायी एका डबीवर तीन वेळा चिठ्ठी बदललीय!

भिंगाखाली उलटा करून पोटाच्या पहिल्या खंडावर कमानीसारखी बारीक धार दिसते का बघा. मागची मांडी त्यावर घासून हे आवाज काढतात. ती दिसली तर कुळ पक्कं. जातीसाठी मात्र नराचं जननांग काढून बघावं लागतं, फोटोवरून कोणी छातीठोकपणे नाव सांगितलं तर हसून सोडून द्या. नमुने अल्कोहोलमध्ये ठेवा, चिठ्ठीवर ठिकाण आणि तारीख पेन्सिलीने लिहा. शाई विरघळते.

धागाकर्ता
धन्यवाद! कमान दिसली, दहापट भिंगातून, तेही दिवा तिरका धरल्यावर. त्याच गाळातून एक चकचकीत काळा, बिनकेसांचा, बारीक कंबरेचाही निघाला होता. तो याच कुळातला का?

प्रतिसाद २
नाही. तो डिस्किरियस असावा, भू-भुंगेऱ्यांपैकी. तो यांच्याच बिळात शिरून यांना खातो. एका डबीत ठेवला नाहीत ना?

धागाकर्ता
ठेवलाय. आलोच बघून.