दिसण्यावरून कोणी बोललं आणि तुम्ही काय करणं सोडलंत?

मागच्या महिन्यात घरच्या सगळ्यांचा फोटो काढत होते. फोन वर केला आणि माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने पटकन पोट आत घेतलं, श्वास रोखला, हनुवटी जराशी वर. फोटो झाल्यावर फुस्सकन श्वास सोडला. तिला हे कोणी शिकवलेलं नाही. म्हणजे आधी मला असंच वाटलं, मग रात्री जुने फोटो चाळताना कळलं की गेली तीस वर्षं प्रत्येक फोटोत मी हेच करतेय, आणि ज्या फोटोंत केलेलं नाही त्यात मी नाहीचे, कारण ते मी काढलेत. तेराव्या वर्षी आई एकदा म्हणाली होती, "पोट आत घे जरा, फोटो काढतायत." बस. वाईट हेतू शून्य.

तर धागा यासाठी. सिनेमे, जाहिराती, रील्स यांच्या नावाने आपण बोटं मोडतोच, पण ते सगळं आपल्यापर्यंत येतं कोणातरी जवळच्याच्या तोंडून. तुमचं वाक्य कोणतं आणि त्यानंतर तुम्ही काय करणं सोडलंत, तेवढं लिहा. नाव नको असेल तर नका देऊ. डाएट प्लॅन कृपया नकोत.

* * *

माझं वाक्य आत्याचं. "चेहरा किती गोड आहे गं, फक्त थोडी बारीक झालीस ना..." त्या "फक्त"वर मी सतरा ते बावीस अशी पाच वर्षं काढली. सोडलं काय, तर जेवण. दिवसभर अ‍ॅपमध्ये कॅलरी मांडायच्या आणि रात्री पांघरुणात फोन घेऊन रेसिपीचे व्हिडिओ बघायचे, नुसते बघायचे नाहीत तर वहीत उतरवून घ्यायचे, प्रमाणासकट. दोन वह्या भरल्या. त्यातला एक पदार्थ करून खाल्ला असेल तर शपथ. मला वाटायचं मी हावरट आहे, मनाची कच्ची आहे.

खूप नंतर थेरपिस्टने अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा जेवणावर कसं आणायचं ते कळावं म्हणून. सगळे स्वतःहून आलेले. तर त्यातले काही जण चक्क पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले! आणि ते रोज साधारण दीड हजार कॅलरी खात होते. माझं अ‍ॅप मला बाराशेचं टार्गेट देत होतं आणि पाळलं की हिरवी टिकमार्क. हे ऐकून हसावं की रडावं कळेना. वह्या अजून आहेत, टाकवत नाहीत.

* * *

"फक्त" वाचून थांबलेच. आमच्याकडे त्या जागी "तेवढं" आहे. "नाक तेवढं वडिलांचं आलं." मी सेल्फी सोडले, कॉलवर कॅमेरा सोडला. हल्लीच वाचलं की १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरून दिसतं त्यापेक्षा साधारण ३० टक्के रुंद दिसतं, २०१८ मध्ये डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलंय. नाकाचा नाही, अंतराचा दोष. कळलं पण वळत नाही, सर्जनचे व्हिडिओ अजून फीडमध्ये येतातच.

* * *

पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? शाळेत पीटीला सगळ्यांसमोर शर्ट काढायला लावला आणि मागून कोणीतरी म्हणालं, "अरे याच्या बरगड्या मोजा." मोजल्या पण. त्या दिवसापासून शर्टाच्या आत दोन टीशर्ट. भर उन्हाळ्यात. घामाने लडबडलेला, पण अंग भरल्यासारखं दिसायचं. पोहणं सोडलं, ते मला खरंच आवडायचं.

मग जिम. चार वर्षांत दंड असे झाले की लोक टिप्स विचारायला लागले आणि मी आरशात बघायचो तर तोच बरगड्यांवाला पोरगा. लिफ्टच्या आरशात, पार्क केलेल्या गाडीच्या काचेत, बंद टीव्हीच्या स्क्रीनमध्ये सुद्धा दंड बघायचो. याला मसल डिस्मॉर्फिया म्हणतात हे डॉक्टरने सांगेपर्यंत माहीत नव्हतं, हे नाव १९९७ पासून आहे. आणि ज्या हिरोंचे फोटो लॉकरला चिकटवले होते ते शर्टलेस सीनच्या आधी पाणी तोडतात म्हणे, म्हणजे ती बॉडी त्यांची पण एका दिवसाचीच. दोनातला एक टीशर्ट सुटला, एक अजून आहे.

* * *

मी जाहिरातींच्या फोटोंचं रिटचिंग करते, पोटापाण्याचा धंदाच तो, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितेय. लिक्विफाय नावाचं टूल असतं, गोल ब्रश घ्यायचा आणि कंबर आत ढकलायची, ओल्या मातीसारखी. चुकलं तर कंबरेमागची दाराची चौकट पण वाकते. मग आधी चौकट सरळ करायची. मला कोणत्याही जाहिरातीत पहिल्यांदा मॉडेल नाही दिसत, मागच्या सरळ रेषा दिसतात.

फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलचं शरीर असं बारीक किंवा जाड केलं तर जाहिरातीवर तसं लिहावं लागतं, नॉर्वेत २०२२ पासून. चांगलंच आहे, पण खरं सांगू? अशा पाट्यांनी बघणाऱ्याला फारसं बरं वाटत नाही असंच बऱ्याच अभ्यासांत निघालंय. मला विचारा ना. ही कंबर मीच केलीय हे माहीत असून रात्री घरी जाऊन स्वतःची मोजायचे. स्वतःचे फोटो दुसऱ्याला काढू देणं सोडलंय ते सोडलंयच.

* * *

चोविसाव्या वर्षी टक्कल. "अरे लग्नाआधी काहीतरी कर" हे वाक्य, बोलणारे मोजून सतरा. सोडलं काय, तर टोपी काढणं. लग्न झालं, टोपीसकट. बाकी मजेत.

* * *

सगळ्यांचं वाचलं. मी दुसऱ्या बाजूची. मुलाला मीच बोलते. चौदा वर्षांचा आहे, वजन वाढलंय, घरात शुगर आहे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) लाल पट्ट्यात. मग गप्प बसायचं का? आईने नाही बोलायचं तर कोणी? इथे प्रत्येक जण घरच्यांनाच व्हिलन करतोय.

* * *

(धागाकर्ती) व्हिलन कोणीच नाही हो, माझी आईही नाही. काळजी असणारच. शुगरचं डॉक्टरांशी बोला, जरूर बोला. मला फक्त एक विचारायचंय, राग मानू नका. मुलगा अजून तुमच्यासमोर बसून जेवतो का?

* * *

नाही. ताट खोलीत नेतो. अभ्यास असतो म्हणतो.

बघते.

* * *

बीएमआयचं निघालंच आहे म्हणून, थोडं अवांतर. मूळ सूत्र एकोणिसाव्या शतकातल्या केटले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाचं. त्याला लोकसंख्येतला "सरासरी माणूस" शोधायचा होता, एकेकट्याची तब्येत नव्हती बघायची. बीएमआय हे नाव १९७२ मध्ये दिलं अ‍ॅन्सेल कीज यांनी, म्हणजे वर आलेला मिनेसोटाचा प्रयोग करणारेच ते. आकडा निरुपयोगी आहे असं नाही म्हणत, डॉक्टर इतर तपासण्यांबरोबर बघतात ते ठीक. पण चौदा वर्षांच्या मुलाचा बीएमआय मोठ्यांच्या तक्त्यावर लावत नाहीत, वयाप्रमाणे वेगळे तक्ते असतात. तो लाल पट्टा कुठल्या तक्त्यातला आहे ते एकदा बघून घ्या ताई.

* * *

मी अडुसष्ट वर्षांची. नातीने टाईप करून दिलंय. माझं वाक्य मोठ्या जाऊबाईंचं, "तुझ्या रंगावर पिवळं उठत नाही." नवी नवरी होते, साडी हातात होती, परत घडी घालून ठेवली. पिवळं सोडलं. पुढे पंचेचाळीस वर्षं पिवळं दिसलं की हात लावायचे आणि शेजारची घ्यायचे. जाऊबाई गेल्या त्यालाही बरीच वर्षं झाली, त्यांना आठवतही नसेल.

दिवाळी नाही, वाढदिवस नाही, काही नाही, परवा एक घेतली. कपाटात आहे, दुकानातल्या घडीतच. नात रोज विचारते, आज का? मी म्हणते, उद्या बघू.