मदत हवी आहे : नौकाविहाराची जुनी बोट झिंग्याच्या पिंजऱ्यांसाठी कशी तयार करू?

पवनीचा_डोंगा

नमस्कार मंडळी. गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला लागून आमचं गाव, पवनी तालुक्यात. आम्ही ढिवर, मासेमारी करणारे, मच्छीमार संस्थेचे सभासद, त्यामुळे परवान्याचं काही विचारायचं नाही. अडलंय ते बोटीपाशी.

एका तलावावरचा नौकाविहाराचा ठेका बंद पडला, तिथली चौदा फुटी फायबरची बोट मोठ्या भावानं स्वस्तात उचलून आणली. बूड सपाट, चार आडव्या बैठका, वर पाइपांचा मांडव आणि त्यावर ताडपत्री. मागं लहान आउटबोर्ड इंजिन बसेल अशी फळी आहे. पाहुण्यांना बसवून एक चक्कर मारून आणायला झकास, पण पिंजरा ठेवायला हातभर जागा नाही.

जाळं सोडून पिंजरे कशाला, असं कुणी विचारेल म्हणून आधीच सांगतो. आमच्या बाजूला पाण्याखाली अख्खं शिवार उभं आहे. बाभळीची खोडं, कुंपणाचे खांब, तारा. जाळं फाटल्याशिवाय वर येत नाही. त्यात झिंगा जाळ्यात गुंतला की सोडवताना नांग्या तुटतात, मरतो, आणि मग व्यापारी सांगेल तो भाव. पिंजऱ्यातला जिवंत निघतो. शिवाय आमचा माल सोडलेल्या बीजाचा, स्कॅम्पीचा, म्हणजे गोड्या पाण्यातल्या मोठ्या झिंग्याचा. त्याच्या पिल्लांना सुरुवातीला मचूळ पाणी लागतं, म्हणून तो धरणात वाढतो पण इथं त्याची पैदास होत नाही. बीज विकत आणायचं आणि माल तुटका विकायचा, हे कसं परवडणार?

पिंजरा घरीच केला आहे. सळईचा चौकोनी सांगाडा, त्यावर बारीक आसाची (भोकांची) जाळी, दोन्ही टोकांना आत निमुळती होत गेलेली तोंडं, वर दार. आमिष म्हणून कापडी पुरचुंडीत कोंडा, ढेप आणि कोंबडीची आतडी. झिंगा रात्री चरतो, म्हणून दिवस बुडताना टाकायचे आणि पहाटे काढायचे.

घोडं पेंड खातं ते काढताना. पिंजरा खाली हलका वाटतो, पण पाण्याबाहेर आला की सळई, गाळ, जाळीत अडकलेली इकॉर्नियाची (जलपर्णीची) मुळं, सगळ्याचं वजन एकदम हातावर येतं. दोघंही एकाच काठावर वाकलो की बोट कलते आणि पाणी आत. यूट्यूबवर अमेरिका-कॅनडातले हौशी लोक पाहिले. सहलीच्या बोटीच्या बाजूला लोखंडी हात, त्याला चाक, खाली बॅटरीवरची मोटर, आणि समुद्राच्या तळातून खेकड्याचा पिंजरा आपोआप वर. आमच्याकडं खोली फार तर वीस-पंचवीस फूट. तेवढ्यासाठी मोटर लागेल का? की विहिरीवरची गडगडी पाइपाला टांगून भागेल? मधल्या दोन बैठका कापून टाकाव्यात असं भाऊ म्हणतो. आणि दोर तरंगणारा घ्यावा की बुडणारा? इंजिनाचा पंखा घासफुसात अडकतोच, त्यात दोराची भर नको.

फायबरमिस्त्री

भाऊ, ग्राइंडर खाली ठेवा आधी! असल्या बोटींत बैठक म्हणजे नुसती बसायची जागा नसते. दोन्ही काठ एकमेकांना धरून ठेवणारा आडवा तीर तोच. दोन्ही कापल्या तर लाटेत काठ उघडमीट करतील आणि कोपऱ्यातून चिरा पडतील. दुसरं म्हणजे बैठकीच्या पेटीत बहुतेक वेळा थर्माकोल किंवा फोम भरलेला असतो. बोट उलटली, पाणी भरलं, तरी ती तळाशी जात नाही ती त्याच्या जोरावर. बैठकीवर बोटानं वाजवून पाहा. भरीव आवाज आला तर हात लावू नका. फारच अडचण असेल तर मधल्या दोन्ही नाही, एकच काढा, पुढून दुसरी. तेवढाच फोम पुढच्या टोकाच्या खाली कोंबा आणि काढलेल्या जागी बुडालगत आडवी फळी फायबरनं चिकटवून घ्या.

मांडव मात्र आजच काढा. उन्हाळी वारा सुटला की ताडपत्री शिडासारखी फुगते, आणि वरचं वजन बोटीला जास्त डोलवतं.

खाडीकाठचा

आम्ही कोकणातले, खाडीत चिंबोऱ्यांवर वाढलेलो, म्हणून बोलतो. बाजूला हात बसवूच नका. व्हिडिओतल्या बोटी रुंद आणि जड असतात, खाली शिवार नसतं. तुमचा पिंजरा खोडात अडकला आणि तुम्ही चाकाचा जोर लावला, तर खोड हलणार नाही, बोट हलेल. उंच हातावरून बाजूला ओढ बसली की चौदा फुटी बोट पालथी व्हायला वेळ लागत नाही. मोटरला तर कळतच नाही कधी थांबायचं ते. हाताला कळतं.

ओढायचं पुढच्या टोकावरून. लोखंडी दांड्यावर पीव्हीसी पाइपाचा तुकडा सैल फिरेल असा बसवा, झाला रूळ. दोर त्यावरून आत घ्यायचा. ओढणाऱ्यानं उभं राहायचं नाही, पुढच्या बैठकीवर बसून पाय टेकवून ओढायचं. दुसरा मागं इंजिनापाशी, म्हणजे तोल राहतो. पिंजरा अडला तर दोर टोकाला एक वेढा देऊन धरा आणि बोट हळूच पलीकडच्या बाजूला न्या. ज्या दिशेनं अडकला त्याच्या उलट ओढलं की बऱ्याचदा सुटतो. नाही सुटला तर दोर कापायचा. कोयता हाताशी ठेवा, पेटीत नको.

दोर नायलॉनचा घ्या, तो बुडतो. बाजारातला पिवळा-हिरवा प्लास्टिकचा दोर तरंगतो आणि पंख्यात जातो. तोच घरात पडला असेल तर डबकीच्या (दोराच्या वरच्या टोकाला बांधलेल्या तरंगत्या खुणेच्या) खाली हातभर अंतरावर छोटं वजन बांधा, दोर उभा राहतो. आत आलेला दोर पायाशी पडू देऊ नका, टमाट्याच्या क्रेटमध्ये सोडा. सुटत्या दोराच्या वेढ्यात पाय गेला की माणूस पिंजऱ्यासोबत जातो. आणि लाइफ जॅकेट. तुम्हाला पोहता येतं, माहीत आहे. तरीही.

झाडीचा_गडी

मी पण वैनगंगेकाठचाच गा. दोर खोलीच्या दीडपट तरी ठेव. धरणाच्या ३३ दारांपैकी थोडी जरी उघडली तरी खाली ओढ सुरू होते, आखूड दोराची डबकी पाण्याखाली जाते आणि मग शोधत बस. आम्ही डबकीला काठीवर लाल चिंधी बांधतो, इकॉर्नियात पांढरी डबकी दिसत नाही.

पिंजऱ्याचं दार तारेनं बांधत असशील तर बदल, साधी सुतळी लाव. कापावा लागलेला पिंजरा तळाशी पडून मासे मारतच राहतो. आतलं मेलं की तेच पुढच्याचं आमिष. सुतळी कुजली की दार उघडतं. दरवेळी सुतळी तपासायची कटकट आहे, पण बीज आपल्याच पैशाचं आहे ना.

खेकड्यासाठी बोट बाहेर काढू नको. आपला खेकडा काठच्या बिळांत, पाळीच्या (बांधाच्या) दगडांत. तिथं चालत जाऊन पिंजरा ठेव, आणि त्याला तारेची जाळी लाव, नायलॉन तो कातरतो. झिंग्याच्या टबात खेकडा चुकूनही टाकू नको. झिंगेही एकाच टबात दाटीनं ठेवले तर कात टाकलेल्याला बाकीचे खातात, म्हणून टबात नारळाच्या झावळ्या किंवा जाळीचे बोळे टाक.

पवनीचा_डोंगा

मनापासून आभार, राजेहो. वाजवून पाहिलं, चारही बैठका भरीव आहेत. भावाला दाखवलं, तो गप्प झाला. पुढून दुसरी तेवढी काढू, मांडव उतरवला. गडगडीचा विचार सोडला, रूळच करतो. एक राहिलं. पुढच्या टोकाचं फायबर पातळ आहे, नखानं दाबलं तरी किंचित दबतं. रुळाची पट्टी स्क्रूनं बसवली तर टिकेल का?

फायबरमिस्त्री

स्क्रू उपटून येतील. आरपार बोल्ट घ्या, स्टेनलेसचे. आतून पाऊण इंची वॉटरप्रूफ प्लायचा तुकडा लावा, पट्टीपेक्षा चारही बाजूंनी मोठा, म्हणजे ओढ एका भोकावर येणार नाही. प्लायच्या कडा आणि भोकं रेझिननं बंद करा, नाहीतर वर्षात कुजतो. नटाखाली मोठे वॉशर, बोल्टच्या भोकात सिलिकॉन नको, पॉलियुरेथेन सीलंट. आणि इतकं करूनही रूळ रात्रभर बांधून ठेवायला वापरू नका, त्यासाठी वेगळी कडी.