मदत हवी आहे: जुने मानसोपचार आणि पायलटचं मेडिकल

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. धाकट्या भावाला (वय २१) सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) करायचं आहे. बारावीत त्याला पॅनिक अटॅक यायचे. आठ महिने एस्सिटालोप्राम १० मिग्रॅ (चिंता-नैराश्यावरची गोळी) आणि समुपदेशन चाललं. अ‍ॅडमिट कधी झाला नाही. गोळी बंद होऊन अडीच वर्षं झाली, त्रास नाही.

डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) क्लास २ मेडिकलचा, म्हणजे पहिल्या वैद्यकीय तपासणीचा अर्ज भरताना मानसिक आजाराच्या प्रश्नापाशी येऊन आम्ही अडकलोय. फ्लाइंग स्कूलवाले म्हणतात, 'नाही' टिक करा, कोण बघतंय! ते करायचं नाहीये, उगाच तो सल्ला देऊ नका. जुनी प्रिस्क्रिप्शन्स जपून ठेवली आहेत (एकावर चहाचा डाग, पण तारीख वाचता येते). डॉक्टर उपचारांचा सारांश द्यायला तयार आहेत. 'विमान चालवायला फिट' असं मात्र लिहिणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

फ्लाइंग स्कूलची फी क्लास १ (सीपीएलला लागणारं पुढचं मेडिकल) हातात आल्यावरच भरू.

अशी हिस्टरी खरी लिहून कोणी क्लास १ मिळवलंय का? सारांशात नेमकं काय असावं लागलं, आणि मानसोपचारतज्ज्ञांचं नवं मूल्यांकन आधीच करून न्यावं की डीजीसीएवाले सांगतील तिथेच करावं?