दामोदर हॉल ‘मुळात’ कशासाठी होता म्हणे?

गिरणगावचा_नातू
परवा एका परळकराची पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. म्हणणं असं: परळचा दामोदर हॉल ही मुळात समाजसेवेची वास्तू, नाटकं नंतर शिरली. तेव्हा पुनर्विकासात नाट्यगृह लहान झालं काय किंवा नाहीच झालं काय, गळे कशाला काढता? शाळा होऊ द्या, पार्किंग होऊ द्या. खाली अंगठ्यांची ही रांग.

आता ‘मुळात’वर येतो. कामगारांचे पुढारी ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने हे सगळं केलं. आणि त्याच लीगच्या जागेत १९२२ साली हे नाट्यगृह सुरू झालं. दिवसभर गिरणीत साच्यावर (मागावर) उभा राहिलेला माणूस सुटल्यावर जाणार कुठे? गुत्त्यावर, नाही तर नाटकाला. गिरण्यांच्या पोटात रंगमंच बांधणं हीच समाजसेवा होती हो. वेगळी काढून कशी दाखवता?

पुढे कामगार रंगभूमी इथे वाढली. गिरणीच्या खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, असलेला माणूस रात्री राजा व्हायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, गिरण्या गेल्या, ते नटही पांगले. मग हॉल बंद पडला का? नाही. कोकणातल्या गावमंडळांनी तो उचलून धरला. नमन, शक्ती-तुरा, दशावतार या कोकणी लोककला, मधल्या वारी हौशी नाटकं, शाळांची गॅदरिंगं. वापर बदलला, पण स्टेज स्टेजच राहिलं. नोव्हेंबर २०२३ पासून पडदा पडला आहे तो आहेच, आणि वर हे ‘मुळात’ ऐकायचं!

लोअर_परळ_अप्पर_भाडं
ती पोस्ट माझीच. अंगठे बघून पोटात दुखलं वाटतं.
साहेब, तुम्ही परळला राहता का? मी राहतो. केईएम आणि टाटा रुग्णालयात आलेल्या पेशंटचे नातेवाईक फुटपाथवर झोपतात. संध्याकाळी स्टेशनवरून चालत घरी यायचं म्हणजे अंगावर माणसं. इथे अजून एका थिएटरची गरज कुणाला आहे? चालत जावं इतक्या अंतरावर दादरचं शिवाजी मंदिर नाट्यगृह आहे, माटुंग्याला यशवंत आहे. माझ्या मुलीला चांगल्या शाळेसाठी बसमध्ये तास घालवावा लागतो. तुमच्या आठवणींचं भाडं आमच्या पोरांनी का भरायचं?

तिसरी_घंटा
नाट्यगृह पाहिजेच. पण नातूसाहेब, तुम्ही ज्यांच्या आरत्या ओवाळताय त्या गावमंडळांनीच दामोदरची रया घालवली. साडेआठचा प्रयोग सव्वानऊला, कारण प्रमुख पाहुण्यांचे सत्कार. एकेक शाल, एकेक नारळ, मग भाषणं. जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या. आमची संस्था दुसऱ्या दिवशी नेपथ्य लावायला गेली की आधी विंग झाडायची. चांगली व्यावसायिक नाटकं तिथून उगाच नाही हटली.

चाकरमानी_संगमेश्वर
आलं का पोटातलं ओठावर! पिचकाऱ्या फक्त कोकणी माणूस मारतो का? तुमच्या प्रेक्षकांच्या तोंडात काय वेलदोडे असतात?
ज्या सत्काराला हसता तो का असतो माहीत आहे? नमनाची तिकिटं खिडकीवर खपत नाहीत. मंडळातला एकेक जण घरोघर, वाडीतल्या माणसांत फिरून खपवतो. जमलेला पैसा गावी जातो, देवळाला, शाळेच्या छपराला, नळपाणी योजनेच्या लोकवर्गणीला. ज्याने तिकिटांची जास्त वही फाडली त्याला नारळ दिला तर तुमची तिसरी घंटा का वाकडी होते? माझे वडील गिरणी सुटल्यावर वॉचमन झाले. वर्षात एकदा गौळणीत मावशी उभी करायचे, दामोदरच्या स्टेजवर. तो एक दिवस त्यांना कोणी ‘ए वॉचमन’ म्हणायचं नाही.

तिसरी_घंटा
वडिलांबद्दल आदर आहे. पण नमन म्हणजे नाटक नव्हे. ती लोककला, अंगणातली. तिला बंदिस्त रंगमंच, स्पॉट, विंगा लागतच नाहीत. मग नाट्यगृहाच्या तारखा का अडवायच्या?

चाकरमानी_संगमेश्वर
लागत नाहीत? गणपती येतो, गौळण होते, मग वगनाट्य सुरू होतं, दोन-दोन तास. राजा, प्रधान, सेट, ट्रिकसीन सगळं असतं. उलट आमच्याकडे ट्रिकसीन फसला तर पब्लिक पैसे परत मागतं, तुमच्याकडे प्रायोगिक म्हणून टाळ्या पडतात. आणि अंगण म्हणता? आम्ही गावच्या लोकांनी मिळून ठेवलेल्या दहा बाय दहाच्या गावखोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं. अंगण तुमच्या पार्ल्यात.

तिसरी_घंटा
मी पार्ल्याचा नाही, डोंबिवलीचा आहे. रोज धक्के खातो.

चाकरमानी_संगमेश्वर
मग तर अजूनच लाज वाटायला पाहिजे.

भीमकन्या
दोघांचं आटपलं असेल तर एक विचारू? वर १९११, १९२२, १९८२ सगळं आलं. ९ मार्च १९२४ कुठे आहे? त्या दिवशी बाबासाहेबांनी याच दामोदर हॉलमध्ये सभा बोलावली, त्यातून २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा ही अस्पृश्यांच्या हितासाठीची संस्था उभी राहिली. बाबासाहेबांची कचेरी इथेच होती. लोक गाऱ्हाणी घेऊन इथेच यायचे. माझी आजी तिथून जाताना हात जोडायची, आत काय खेळ चाललाय ते तिने कधी विचारलं नाही. तुमच्या ‘नाट्यगृह की शाळा’ या भांडणात ही गोष्ट दोन्हीकडून गायब कशी होते, याचं मला आता नवलही वाटत नाही.

गिरणगावचा_नातू
भीमकन्याताई, मुद्दा रास्त. मी रंगमंचाबद्दल लिहीत होतो एवढंच. पण यानेही माझंच म्हणणं पक्कं होतं ना? सभा, कचेरी, नाटक, एकाच छपराखाली.

भीमकन्या
सगळ्याने तुमचंच म्हणणं पक्कं होतं, हे बरं आहे.

लोअर_परळ_अप्पर_भाडं
ताईंनी तर माझी बाजू घेतली. समाजसेवेचीच वास्तू.

भीमकन्या
तुमची बाजू पार्किंगची आहे. त्यात मला घेऊ नका.

चाकरमानी_संगमेश्वर
😂

लोअर_परळ_अप्पर_भाडं
हसा. एक सरळ प्रश्न. चाकरमानीभाऊ, तुमची मंडळी आता राहतात कुठे? नालासोपारा, विरार, दिवा, बदलापूर. परळच्या चाळीत उरले किती? मग नमन परळलाच का? बोरिवलीला प्रबोधनकार आहे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले आहे, कल्याणला अत्रे आहे. तिकडे करा.

चाकरमानी_संगमेश्वर
विरारचा आणि बदलापूरचा माणूस एका ठिकाणी भेटायचा तर मध्येच भेटणार ना. पश्चिम आणि मध्य दोन्ही लाइन जिथे जवळ येतात तिथे. बोरिवलीला केलं तर दिव्याचा येत नाही, डोंबिवलीला केलं तर सोपाऱ्याचा. शेवटच्या लोकलचं गणित तुम्हाला काय कळणार, तुम्ही चालत घरी जाता.

तिसरी_घंटा
हे मात्र खरं आहे. आमचीही तालमीची माणसं दोन्ही लाइनवर विखुरलेली, म्हणूनच दामोदरला तारीख मागायचो. आणि मधल्या वारी हौशी संस्थेला परवडायचं. शिवाजी मंदिरचा शनिवार-रविवार आम्हाला कोण देणार? चला, नमनाला अर्धं नाटक म्हणायला तयार आहे.

चाकरमानी_संगमेश्वर
अर्धं कुठलं? गौळणीपर्यंतचं की वगाचं?

तिसरी_घंटा
सत्कार सोडून उरेल तेवढं.

लोअर_परळ_अप्पर_भाडं
बरं बाबा, बांधा थिएटर. पण आसनं कमी केली तर माझ्या नावाने ओरडू नका, नकाशा मी काढलेला नाही. आणि शाळा झाली तर तिला एक बरं स्टेज द्या, पोरांची गॅदरिंगं तरी होतील.

गिरणगावचा_नातू
शाळेच्या स्टेजवर रात्री साडेआठला शक्ती-तुऱ्याची बारी लावू देणार का मुख्याध्यापक? लेखी आणा, मग मी माघार घेतो.