जादा दिव्यांचे कारण देऊन स्टेटर कॉइलची वॉरंटी नाकारली. पुढे काय करावे?

बुटीबोरी_रात्रपाळी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे दोनशे सीसी वर्गातील मोटारसायकल असून ती घेऊन अद्याप दोन वर्षे व्हायची आहेत. कंपनीची वॉरंटी पाच वर्षांची आहे. नागपुरातील मानेवाड्याहून बुटीबोरी एमआयडीसीत रात्रपाळीला जावे लागते आणि वर्धा रोडवर समोरून येणाऱ्या ट्रकांच्या झोतात रस्त्याची कड दिसत नाही, म्हणून बाहेरच्या दुकानातून पुढे दोन एलईडी दिवे बसवून घेतले. त्यांना स्वतंत्र रिले व स्वतंत्र फ्यूज आहे, जोडणी थेट बॅटरीवरून घेतलेली आहे आणि गाडीची मूळ वायरिंग कुठेही कापलेली किंवा सोललेली नाही.

मे महिन्यात गाडी सेल्फ घेईनाशी झाली. बॅटरी बाहेरून चार्ज करून आणली तरी ती पुन्हा उतरली. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणी झाल्यावर स्टेटर कॉइल, म्हणजे इंजिनातील वीज तयार करणारी कॉइल, जळाली असल्याचे सांगण्यात आले आणि त्याच वेळी, बाहेरचे दिवे लावलेले असल्यामुळे हा क्लेम वॉरंटीत बसत नाही, असेही सांगण्यात आले. कॉइल, गॅस्केट, इंजिन ऑइल आणि मजुरी धरून साडेसहा हजारांचे इस्टिमेट हातात दिले. नकार मात्र केवळ तोंडी आहे; जॉब कार्डवर ‘बॅटरी चार्ज होत नाही’ एवढेच लिहिलेले आहे. आजवरच्या सगळ्या सर्व्हिसिंग मी याच ठिकाणी, पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत करून घेतल्या असून प्रत्येक पावती माझ्याजवळ आहे.

दिव्यांमुळे स्टेटर खरोखरच जळतो का, हे जाणकारांनी सांगावे. शिवाय गाडीवाचून माझे काम अडते. तेव्हा सध्या पैसे भरून दुरुस्ती करून घेतली तर पुढे दाद मागण्याचा हक्क जातो का, हेही समजून घ्यायचे आहे.

जुना_वर्कशॉपवाला

मी कामठी रोडवरील वर्कशॉपमध्ये बरीच वर्षे वॉरंटीचे टेबल सांभाळले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

स्टेटर ही मॅग्नेटच्या आत बसवलेली कॉइल असते. इंजिन फिरले की तिच्यात वीज तयार होते, ती आरआर युनिटमध्ये (रेग्युलेटर-रेक्टिफायरमध्ये) जाते आणि तेथून बॅटरीला व दिव्यांना मिळते. पुष्कळ मोटारसायकलींमध्ये हे आरआर युनिट शंट पद्धतीचे असते, म्हणजे गाडीला नको असलेली वीज ते शॉर्ट करून उष्णतेच्या रूपाने घालवते. अशा गाडीत स्टेटर दिवे लावा किंवा न लावा, जवळजवळ पूर्ण क्षमतेनेच चालत असतो; जादा दिवे लावल्याने एवढाच फरक पडतो की आरआर युनिटमध्ये वाया जाणारी वीज दिव्यांकडे वळते. सिरीज पद्धतीच्या युनिटमध्ये मात्र भार वाढला की कॉइलमधला प्रवाहही वाढतो. म्हणून आपल्या मॉडेलमध्ये कोणत्या पद्धतीचे युनिट आहे, हा पहिला प्रश्न सर्व्हिस सेंटरला लेखी विचारावा. याचे उत्तर न देता केवळ ‘दिवे लावले म्हणून’ असे सांगणे म्हणजे तपास न करता निकाल देणे आहे.

दिव्यांच्या तारेत शॉर्ट झाला असता तर आधी आपण लावलेला फ्यूज उडायला हवा होता. तो शाबूत असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. कॉइल उघडताना स्वतः समोर उभे राहा. तीन फेजच्या स्टेटरमधून येणाऱ्या तीन तारा, ज्या बहुधा पिवळ्या असतात, मल्टीमीटरने दोन-दोन करून तपासायच्या. तिन्ही जोड्यांचा रोध सारखा यायला हवा आणि कोणतीही तार इंजिनच्या बॉडीशी जोडलेली दिसता कामा नये. कॉइल बाहेर आली की तिच्याकडे नीट पाहा. सगळ्या पोलवरचे (तार गुंडाळलेल्या दातांवरचे) वार्निश सारखेच काळे पडले असेल तर अति उष्णतेचा किंवा भाराचा संशय घ्यायला जागा असते. पण एक-दोनच पोल काळे पडून बाकीच्यांचे तांबे स्वच्छ दिसत असेल, तर तेथील इन्शुलेशन कच्चे असण्याचा संभव अधिक. याला अंतिम पुरावा म्हणता येणार नाही, तरी कंपनीचा माणूसही पहिल्यांदा हेच पाहतो.

आता क्लेम कसा चालतो ते सांगतो, कारण गैरसमज येथेच होतात. डीलर चासी नंबर, किलोमीटर, सर्व्हिसची नोंद आणि भागाचे फोटो कंपनीच्या प्रणालीत भरतो. मंजुरी मिळाली तर नवा भाग मिळतो आणि मजुरी कंपनीने ठरवलेल्या दराने मिळते. मी काम केले तेथे तो दर ग्राहकाकडून घेतल्या जाणाऱ्या मजुरीपेक्षा कमीच असे. जुना भाग टॅग लावून ठेवावा लागतो आणि नंतरच्या तपासणीत क्लेम चुकीचा ठरला तर ती रक्कम डीलरच्या खात्यातून कापली जाते. साहजिकच, जरा शंका आली की डीलर क्लेम भरतच नाही. आपल्याला काउंटरवर मिळालेला नकार बहुधा कंपनीपर्यंत पोहोचलेलाच नसावा. कंपनीने नाकारले आणि डीलरने पाठवलेच नाही, या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत आणि आपल्या बाबतीत कोणती घडली हे लेखी घेणे सर्वांत महत्त्वाचे आहे.

क्लेम मंजूर झाला तरी गॅस्केट व ऑइलचे पैसे मागितले जाऊ शकतात. पुष्कळ कंपन्यांच्या पुस्तिकेत ते ग्राहकाकडे असल्याचे नमूद असते, त्यावरून वाद घालू नये.

धरमपेठकर

माझ्या गाडीचा फ्युएल पंप गेला तेव्हा ‘पेट्रोल भेसळीचे होते’ असे कारण पुढे करण्यात आले होते. मी तेथेच विनंती केली की टाकीतले पेट्रोल माझ्यासमोर काचेच्या स्वच्छ बाटलीत काढावे. बाटली काउंटरवर अर्धा तास ठेवली. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये जास्त पाणी शिरले तर इथेनॉल त्या पाण्यासह वेगळे होऊन तळाशी थर धरते; आमच्या बाटलीत असा थर आला नाही आणि गाळही बसला नाही. पाण्याचा मुद्दा त्यामुळे निकाली निघाला. मग मी सर्व्हिस सल्लागारांना एवढेच म्हटले की, भेसळ कशाची आणि ती कोणत्या चाचणीत दिसली हे जॉब कार्डवर लिहून खाली सही करावी. ते तसे लिहायला तयार झाले नाहीत, परंतु त्याच दिवशी क्लेम भरला गेला आणि पुढे मंजूरही झाला. आपणही आवाज चढवू नका. शांतपणे कागद पुढे करा आणि कारण लिहून मागा.

सक्करदरा_रायडर

येथे सगळेच सर्व्हिस सेंटरला दोषी धरत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. क्लच प्लेट, ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट, केबल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग हे झिजणारे भाग आहेत. ते वॉरंटीत मागणे योग्य नाही. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुधा त्या त्या उत्पादकाची असते. हेडलाइटची तार सोलून तीन-तीन हॉर्न जोडायचे, एक्झॉस्ट बदलायचा आणि ईसीयू (इंजिनचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण युनिट) गेला की कंपनीकडे बोट दाखवायचे, हे आपल्या शहरात सर्रास चालते. अशा गाड्या रोज पाहिल्यामुळेच सल्लागार प्रत्येक जादा दिव्याकडे संशयाने पाहतात आणि त्याचा भुर्दंड नीट काम करून घेणाऱ्याला बसतो.

मूळ प्रश्नकर्त्याने दिव्यांचे वॅट किती, हे सांगितलेले नाही. त्यावर बरेच अवलंबून आहे.

बुटीबोरी_रात्रपाळी

दोन्ही दिवे मिळून चाळीस वॅट आहेत आणि दुकानाच्या बिलावर तसे लिहिलेले आहे. बारा व्होल्टच्या हिशेबाने ते साडेतीन अँपिअरच्या आतच राहतात. वॉरंटीची पुस्तिका काल पुन्हा वाचली. तिच्यात असे वाक्य आहे की, कंपनीची मान्यता नसलेल्या उपकरणांमुळे उद्भवलेला दोष वॉरंटीत येणार नाही. उपकरण लावले की संपूर्ण वॉरंटी रद्द, असे मात्र कोठेही लिहिलेले नाही.

पार्सल_पोचवणारा

याच विषयाला धरून विचारतो. मी स्वतःच्या गाडीवर खाद्यपदार्थ पोहोचवण्याचे काम करतो. कोनसेट (हँडलच्या दांड्यातील बेअरिंग) लवकर खराब झाला तेव्हा ‘तुमचा वापर व्यावसायिक आहे’ असे सांगून मला परत पाठवले. आमच्यासारख्यांना ग्राहक आयोगाकडे जाता येते का?

ग्राहकपक्ष_वकील

दोघांनाही एकत्र उत्तर देतो.

बुटीबोरीच्या मित्रांनी पुस्तिकेतील जे वाक्य दिले आहे, त्यात ‘मुळे उद्भवलेला’ हे शब्द निर्णायक आहेत. उपकरण आणि दोष यांच्यात कार्यकारणसंबंध असला पाहिजे, असे कंपनीने स्वतःच लिहून दिलेले आहे. गाडीत दोष निर्माण झाला हे दाखवणे आपले काम. परंतु वॉरंटीतील अपवादाचा आधार जो घेतो त्यानेच तो अपवाद लागू कसा होतो हे दाखवावे, असा युक्तिवाद भक्कमपणे करता येतो. त्यासाठी नकार कारणासह लेखी असायला हवा. सर्व्हिस सेंटर लिहून देत नसेल तर आपणच पत्र द्यावे: अमुक तारखेला गाडी जमा केली, अमुक कारण सांगून क्लेम नाकारण्यात आला, हे चुकीचे असल्यास सात दिवसांत कळवावे. पत्राच्या प्रतीवर शिक्का घ्यावा, न दिल्यास स्पीड पोस्टाने पाठवावे आणि तेच कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेल करावे. सोबत चासी नंबर, बिल, जॉब कार्ड आणि फोटो जोडावेत.

पैसे भरून दुरुस्ती केल्याने हक्क जात नाही. मात्र बिलावर ‘हरकत नोंदवून, वॉरंटीचा हक्क राखून रक्कम भरली’ असे लिहून सही करावी आणि जुनी कॉइल ताब्यात घ्यावी. ती भंगारात गेली तर पुढे तज्ज्ञाने तपासायचे काय? माझ्या पाहण्यातील कित्येक प्रकरणे केवळ जुना भाग हाताशी न राहिल्यामुळे लंगडी पडली आहेत, याचे मला फार वाईट वाटते.

त्यानंतरचा टप्पा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा. १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे पाठवली जाते. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही. पण काउंटरवर अडलेली बाब तिच्यामुळे कंपनीच्या कार्यालयापर्यंत पोहोचते आणि एवढ्या रकमेचा वाद अनेकदा तेथेच मिटतो.

तेथेही न मिटल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. हा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तेथेही तक्रार दाखल करण्याची सोय त्याने दिली. त्यामुळे कंपनीचे मुख्यालय कोठेही असो, आपल्याला सिव्हिल लाइन्समधील जिल्हा आयोगाच्या पलीकडे जाण्याची गरज नाही. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. पत्रव्यवहार करत राहिल्याने मुदत आपोआप वाढते, या समजात कोणी राहू नये. चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग तो भाग योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तपासणी लागणाऱ्या प्रकरणात पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अधिक वेळ लागू शकतो, हे गृहीत धरूनच पाऊल उचलावे.

मागणी माफक ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका मोटारीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की, वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्यापुरती किंवा बदलून देण्यापुरती असेल तर संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. कॉइल, मजुरी, गाडी उभी राहिल्यामुळे झालेला प्रवासखर्च आणि तक्रारीचा खर्च एवढे पुराव्यासह मागितले तर मागणीला वजन राहते.

पार्सलवाल्या भाऊंसाठी: कायद्यातील ‘ग्राहक’ या व्याख्येतून व्यावसायिक कारणासाठीची खरेदी वगळलेली असली, तरी स्वयंरोजगारातून केवळ स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू त्या वगळणुकीत येत नाही. म्हणून आयोगाचे दार आपल्याला बंद नाही. मात्र आपल्या वॉरंटीतच भाड्याच्या किंवा व्यावसायिक वापराबद्दल वेगळी अट आहे का, हे आधी वाचा. आयोगापर्यंत जाता येणे आणि वॉरंटीच्या अटीत बसणे हे दोन वेगळे मुद्दे आहेत.

बुटीबोरी_रात्रपाळी

सर्वांचे मनापासून आभार. पत्र दिले आणि प्रतीवर शिक्काही मिळाला. कॉइल माझ्यासमोर काढण्यात आली: तीन पोल कोळशासारखे काळे आहेत, शेजारच्या पोलवर थोडी झळ आहे आणि बाकीचे तांबे लालसर, स्वच्छ आहे. माझा फ्यूज शाबूत आहे. फोटो काढून ते ई-मेलने कंपनीला पाठवले. क्लेम आजवर प्रणालीत भरलेलाच नव्हता, हे सर्व्हिस मॅनेजरांनी आता मान्य केले असून कंपनीचा प्रतिनिधी पुढच्या आठवड्यात पाहणीला येणार आहे. तोवर गाडी तेथेच राहील आणि मी सहकाऱ्याच्या गाडीवर मागे बसून जाईन.

जुना_वर्कशॉपवाला

फोटोंवरून तरी आपली बाजू चांगली दिसते. पाहणीची तारीख आणि वेळ ई-मेलवर मागून घ्या आणि त्या वेळी हजर राहा. कॉइलला लावलेल्या टॅगवर जॉब कार्डचा क्रमांक आहे ना, हे आजच जाऊन पाहा. दोन गाड्यांच्या कॉइल एकाच ट्रेमध्ये पडल्या की ओळख पटवणे अवघड जाते. दिवे आणि त्यांची वायरिंग पाहणीपर्यंत काढू नका, प्रतिनिधीने ती जोडणी जशीच्या तशी पाहिली पाहिजे. शिवाय गाडी उभी असताना बॅटरी चार्ज करून तिचे कनेक्शन सोडवून ठेवायला सांगा, नाहीतर उतरलेली बॅटरी तशीच पडून कायमची खराब होईल आणि तिच्यावरून नवा वाद सुरू होईल.