मदत हवी आहे: शाळेच्या काउन्सेलरला चालेल असं सर्टिफिकेट, २० तारखेच्या आत

तिलकवाडीची_बाई
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय. प्रिन्सिपल सरांना २० तारखेच्या आत माझं काउन्सेलरचं सर्टिफिकेट फाइलला लावायचंय. तीन दिवसांच्या ऑनलाइन वर्कशॉपचं आहे माझ्याकडे, पण ते चालत नाही म्हणे. बेळगावात किंवा घरबसल्या होणारा, मान्यता असलेला छोटा कोर्स कुणाला माहीत आहे का? फी किती, परीक्षा असते का? कृपया लिंक द्या, उपदेश नको.

खानापूरकर
उपदेश नको म्हणता, मग प्रश्नच विचारतो. बोर्ड कुठलं? पदवी कशातली? काउन्सेलर म्हणूनच लागलाय की शिकवता शिकवता गळ्यात पडलंय?

सत्यवचनी
सरळ सांगतो. आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी नंबर नसेल तर शाळेत काउन्सेलिंग करणं बेकायदेशीर आहे. माझ्या भाचीने एम.फिल. केलं, तेव्हा कुठे नंबर मिळाला. बाकी सगळे कोर्स म्हणजे पैसे घालवायचे धंदे.

धारवाडचा_मानस
सत्यवचनी, अर्धवट माहितीवर लोकांना घाबरवू नका. मी स्वतः आरसीआय नोंदणीवाला आहे. १९९२ च्या कायद्याखाली ती परिषद क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट, विशेष शिक्षक वगैरेंची नोंद ठेवते. शाळेच्या काउन्सेलरला तो नंबर हवाच असं सीबीएसईसुद्धा म्हणत नाही. तुमच्या भाचीचं काम वेगळं, या ताईंचं वेगळं. आणि नंबर मिळाला म्हणजे सुटलो असंही नाही. नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १०० सीआरई गुण (पुढचं शिक्षण चालू ठेवल्याचे) जमवताना आमचे रविवार जातात.

सत्यवचनी
म्हणजे कुणीही उठून मुलांच्या मनाशी खेळायचं का? उत्तर द्या.

तिलकवाडीची_बाई
अहो भांडू नका. सीबीएसई, ते काय सांगायचं! बी.एस्सी., बी.एड. सातवी ते नववीला सायन्स शिकवते. जूनपासून काउन्सेलिंगही माझ्याकडे दिलंय. कारण काय, तर “मुलं तुमच्याशी बोलतात.” तास मात्र एकही कमी केला नाही.

खानापूरकर
बघा, आता कळलं. सीबीएसईच्या २०१८ च्या संलग्नता उपविधींत, म्हणजे शाळांना मान्यता देण्याच्या नियमांत, काउन्सेलरला मानसशास्त्राची पदवी, नाहीतर पदवी अधिक गाइडन्स-काउन्सेलिंगचा डिप्लोमा, असं होतं. नववी ते बारावीत ३०० पेक्षा जास्त मुलं असतील तर पूर्णवेळ माणूस. पुढे दुरुस्त्या झाल्यात, म्हणून बोर्डाच्या साइटवरून ताजी प्रतच काढा, व्हॉट्सॅपवर फिरणारी नको. पण दहा दिवसांत होणारा डिप्लोमा जगात कुठे नाही. जो देतो म्हणेल त्याच्यापासून लांब राहा.

करिअर_मार्गदर्शक_बेळगाव
मॅडम, आमच्याकडे बोटांच्या ठशांवरून मुलांचा कल सांगणारं ट्रेनिंग आहे, दोन दिवसांत सर्टिफिकेट. इनबॉक्स करा.

खानापूरकर
घ्या! नाव काढायचा अवकाश.

म्हैसूर_रिटर्न
ताई, मी एनसीईआरटीचा डिप्लोमा केलाय, आपल्याला जवळचं केंद्र म्हणजे म्हैसूरचं आरआयई (एनसीईआरटीची विभागीय शिक्षण संस्था). वर्षाचा आहे. सहा महिने दूरस्थ, मग तीन महिने तिथे जाऊन राहायचं, शेवटचे तीन महिने आपल्याच गावात इंटर्नशिप. ते मधले तीन महिने जड जातात. माझी पोरगी दुसरीत होती, सासूबाईंनी सांभाळली म्हणून जमलं. बिनपगारी रजा पडली ते वेगळंच. पण तिथे माझं बोलणं रेकॉर्ड करून मलाच ऐकवलं, तेव्हा कळलं की मी मुलाचं वाक्य पुरं होऊच देत नव्हते. शिक्षिकेची सवय, उत्तर आपणच फळ्यावर लिहून मोकळं व्हायचं.

तिलकवाडीची_बाई
तीन महिने मला कोण सोडणार? आणि एक सांगायचं राहिलं. २०२४ ला दूरस्थ एम.ए. सायकॉलॉजीला ॲडमिशन घेतली होती, पहिलं वर्ष पास झालेय. पण ते कोर्स बंद झाले ना? स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात, डिग्री फुकट गेली.

खानापूरकर
हे आधी सांगायचं की ओ, अक्का! मुद्द्याची गोष्ट तीच आणि ती शेवटाला.

धारवाडचा_मानस
फुकट गेलेली नाही. यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन मानसशास्त्राचे *नवीन* प्रवेश थांबवले. कारण २०२१ चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा. त्याच्या यादीत मानसशास्त्र येतं. आधी प्रवेश घेतलेल्यांना कोर्स पुरा करता येतो. विद्यापीठाकडून प्रवेशाच्या सत्राचं पत्र मागून फाइलला ठेवा आणि प्रॅक्टिकल मन लावून करा.

सरांच्या घाईचं कारणही सांगतो. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे एक तरी पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर हवा. तेव्हापासून सगळ्या शाळा कागद गोळा करत सुटल्यात.

जुना_हेडमास्तर_निपाणी
आमच्या वेळी असले काउन्सेलर नव्हते. मुलगा गप्प दिसला की संध्याकाळी त्याच्या घरी जायचो, चहा व्हायचा, विषय निघायचा. ३१ वर्षं मराठी शाळेत काढली, एकही सर्टिफिकेट नाही.

म्हैसूर_रिटर्न
सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण जी मुलगी घरच्याच माणसामुळे गप्प असेल तिच्या घरी चहाला जाऊन काय होणार? पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम १९ लक्षात ठेवा. असा प्रकार कळल्यावर पोलिसांत कळवणं बंधनकारक आहे, सर्टिफिकेट असो वा नसो. ताई, हे तुम्हालाही लागू.

जुना_हेडमास्तर_निपाणी
हा मुद्दा मान्य. पण एक विचारतो, या कोर्सात भाषेचं काही शिकवतात का? आपल्याकडे मूल घरी मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी. मनातलं कुठल्या भाषेत सांगणार?

तिलकवाडीची_बाई
सर, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. ऑगस्टमध्ये आठवीतली एक मुलगी आली. खाली बघून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, कन्नडात म्हणाली, “मिस, बेसर आगेती.” मी रजिस्टरला लिहिलं, ‘अभ्यासाचा कंटाळा’, आणि वेळापत्रक करून दिलं. पंधरा दिवसांनी तिच्या मैत्रिणीकडून कळलं, आजी गेली होती. तिला कंटाळा आला नव्हता, जीव उदास झाला होता. बेसरचे दोन्ही अर्थ होतात हे मला ठाऊक आहे हो, लहानपणापासून ऐकतेय. तरी विचारलं नाही. ते रजिस्टर इन्स्पेक्शनला चांगलं म्हणून दाखवलंय.

म्हैसूर_रिटर्न
ताई, होतं असं. तिला परत बोलवा.

तिलकवाडीची_बाई
बोलावलं. आता दर गुरुवारी डब्याच्या सुट्टीत येते.

धारवाडचा_मानस
मग तुम्हाला कोर्सइतकीच गरज आहे सुपरव्हिजनची. महिन्यातून एकदा अनुभवी माणसासमोर, मुलांची नावं न घेता, आपल्या केसेस मांडायच्या. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या ‘संवाद’ उपक्रमाची प्रशिक्षणंही बघा. आणि सीबीएसई शिक्षकांना वर्षाला ५० तास सीपीडी (शिक्षकांचं प्रशिक्षण) करायलाच लागतं ना? त्यातले बोर्डाचे किंवा सरकारी संस्थेचे २५ तास या विषयाचे घ्या. तेवढ्याने पात्रता येत नाही, पण तास सत्कारणी लागतील.

सत्यवचनी
शेवटी मी म्हणत होतो तेच, पात्रता पाहिजे.

धारवाडचा_मानस
तुम्ही नंबर म्हणत होता.

खानापूरकर
अक्का, सरांना लेखी द्या: एम.ए. चालू आहे, पूर्ण होईपर्यंत पात्र काउन्सेलर बाहेरून आणा, मी त्यांच्या हाताखाली काम करते. पोचपावती घ्या. उद्या काही झालं तर तीन दिवसांच्या सर्टिफिकेटवर तुमचं नाव असेल, सरांचं नाही.

पहिला_प्रयत्न
अवांतर: कार्टेट (कर्नाटकची शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर दोनची जुनी प्रश्नपत्रिका कुणाकडे आहे का? नवीन धागा काढता येईना.

तिलकवाडीची_बाई
अपडेट. पत्र दिलं. सरांनी वाचलं, चष्मा काढला, “छान लिहिलंय” म्हणाले आणि परत दिलं. पोचपावती नाही. उद्या ऑफिसात आवक नंबर घालून देते. @पहिला_प्रयत्न, माझ्याकडे आहे, निरोप कर.